नॅनोट्यूबच्या फिल्मवर चुंबकाचा परिणाम मोजायचा तर: सोलापुरातल्या एम.एस्सी. प्रयोगशाळेसाठी

कार्बन नॅनोट्यूबची (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची) फिल्म इलेक्ट्रोमॅग्नेटच्या पोलमध्ये ठेवली, कॉइलचा करंट वाढवला आणि मीटरवरचा आकडा सरकला, की चुंबकाचा परिणाम सापडला असं वाटतं. बहुतेक वेळा सापडलेली असते कॉइलची ऊब. नॅनोट्यूबच्या फिल्मचा रेझिस्टन्स खोलीच्या तापमानाजवळ एका अंशामागे साधारण ०.०५ ते ०.१ टक्क्याने घटतो. अर्धा टेस्ला चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा फरक याहून लहान असतो. म्हणून या प्रयोगातली खरी मेहनत चुंबकाशी कमी आणि तापमान, लोखंड व जोडण्या यांच्याशी जास्त आहे. इथे मल्टिवॉल (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूबची फिल्म घरच्या घरी, म्हणजे कॉलेजच्या केमिस्ट्री-फिजिक्स विभागांत मिळणाऱ्या सामानात, बनवून ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, मोजण्याची पद्धत दिली आहे.

आधी आकड्यांचा हिशेब

सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये मल्टिवॉल नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, सिंगलवॉल नळ्या १९९३ मध्ये आल्या. सिंगलवॉल नळी म्हणजे ग्राफिनची, कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पत्र्याची, गुंडाळी. ती कोणत्या दिशेने गुंडाळली हे एन आणि एम या दोन पूर्णांकांनी सांगतात. एन वजा एम या संख्येला ३ ने नि:शेष भाग गेला तर नळी धातूसारखी, नाही तर अर्धवाहक. त्यामुळे न निवडलेल्या मालात साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात. अर्धवाहक नळीचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन वाहता व्हायला लागणारी ऊर्जा) सुमारे ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले नॅनोमीटरमधला व्यास इतका असतो. धातूसारख्या नळीत वहनाचे दोन मार्ग असतात आणि प्रत्येकात स्पिनचे दोन प्रकार, त्यामुळे जोडण्या अगदी निर्दोष असल्या तरी एका नळीचा रेझिस्टन्स सुमारे ६.४५ किलोओहमच्या खाली जात नाही.

चुंबकाचं गणित इथूनच बिघडतं. नळीच्या अक्षाला समांतर क्षेत्र लावलं की नळीच्या पोकळीतून फ्लक्स (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) जातो आणि बँडगॅप बदलतो. हे भाकीत आजिकी आणि आंदो यांनी १९९३ मध्ये केलं. पूर्ण एक आवर्तन पाहायला ४.१४ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर इतका फ्लक्स लागतो. १.४ नॅनोमीटर व्यासाच्या नळीचं क्षेत्रफळ इतकं चिमुकलं, की त्यासाठी सुमारे २,७०० टेस्ला हवेत. कॉलेजच्या मॅग्नेटवर ०.५. मल्टिवॉल नळी जाड असते, तिथे निम्म्या फ्लक्सचं आवर्तन दिसतं. १५ नॅनोमीटरच्या नळीला त्यासाठी सुमारे ११.७ टेस्ला लागतात. १९९९ मध्ये बाखटोल्ड आणि सहकाऱ्यांनी एकेकट्या मल्टिवॉल नळीवर हीच आंदोलनं दाखवली, पण सुपरकंडक्टिंग मॅग्नेट आणि द्रव हेलियमच्या थंडीत.

मग आपल्याला काय दिसू शकतं? वीक लोकलायझेशन. इलेक्ट्रॉन दोषांवर आपटत एका वळणावरून परत मूळ जागी येतो. ते वळण उजवीकडून घेतलं काय नि डावीकडून घेतलं काय, दोन्ही लहरी जुळतात, परत फिरण्याची शक्यता वाढते आणि रेझिस्टन्स थोडा चढतो. क्षेत्र लावलं की ही जुळणी मोडते आणि रेझिस्टन्स घटतो. हे कुठल्या क्षेत्राला जाणवू लागेल ते इलेक्ट्रॉन आपली फेज (लहरीचा ताल) किती अंतर टिकवतो त्यावर ठरतं: २० नॅनोमीटर अंतराला सुमारे ०.४ टेस्ला, १० नॅनोमीटरला सुमारे १.६५ टेस्ला. तापमान उतरलं की अंतर वाढतं. म्हणून द्रव नायट्रोजन हवाच. ७७ केल्विनला अर्ध्या टेस्लावर हजारात एखाद्या भागाची घट दिसली तर उत्तम, त्याहून कमी असली तरी नवल नाही. दोन-चार टक्के दिसले तर आनंद न मानता वायरी तपासा.

पावडर

बाहेरचा व्यास १० ते २० नॅनोमीटर असलेली सीव्हीडीची (वायूतून नळ्या वाढवण्याच्या पद्धतीची) मल्टिवॉल पावडर एक ग्रॅम पुरते. ती वजन करायच्या आधी छताचा पंखा बंद करा. मे महिन्यात सोलापुरात हे जिवावर येतं, पण ही पावडर हलक्या काजळीसारखी उडते आणि कडक, लांब तंतू फुफ्फुसात गेलेले बरे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका प्रकाराला '२बी', म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेला, असा गट दिला आहे. एन-९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे घाला, शक्य असेल तर फ्यूमहूडमध्ये काम करा, आणि सांडलेलं झाडूने न झाडता ओल्या टिश्यूने टिपा.

बाटलीच्या बाहेरून निओडिमियम चुंबक फिरवा. पावडर चुंबकामागे सरकली तर तो नॅनोट्यूबचा गुण नव्हे. कार्बन प्रतिचुंबकीय आहे. सरकतंय ते नळ्या वाढवताना वापरलेलं लोखंड, कोबाल्ट किंवा निकेल. हे काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण लोहचुंबकीय कणांमुळे रेझिस्टन्स-क्षेत्र आलेखात हिस्टेरेसिस (क्षेत्र चढवताना आणि उतरवताना वेगळे आकडे) येऊ शकतो आणि तो भलत्याच शोधासारखा दिसतो.

५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ५० मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घाला (पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही), म्हणजे साधारण ६ मोलर द्रावण होतं. त्यात पावडर टाकून ६० अंश सेल्सिअसला चार तास ढवळा. लोखंड विरघळलं की आम्ल पिवळसर होतं. गाळा, धुणाचा पीएच डिस्टिल्ड पाण्याइतका येईपर्यंत धुवा, ८० अंशांना वाळवा. आम्ल नवीन घेऊनही पिवळं होत असेल तर पुन्हा एक फेरी. तरी सगळं लोखंड जात नाही, कारण काही कण कार्बनच्या कवचात बंद असतात आणि तिथे आम्ल पोचत नाही. ते काढायला नायट्रिक आम्ल वापरण्याचा मोह होतो. नायट्रिक कवच फोडतं, पण नळ्यांच्या भिंतीही खातं. या प्रयोगासाठी हायड्रोक्लोरिकवर थांबा आणि उरलेलं लोखंड आहे हे वहीत लिहून ठेवा.

फिल्म

१०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, नळ्या सुट्या ठेवणारा साबण) आणि २० मिलिग्रॅम पावडर. बोअरचं पाणी इथे चालणारच नाही: त्यातलं कॅल्शियम एसडीएसचा पांढरा साका करतं आणि क्षारांमुळे सुट्या झालेल्या नळ्या पुन्हा गोळा होतात. नळाचं उजनीचं पाणीही नको.

प्रोब सोनिकेटर असेल तर ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, असं मिळून २० मिनिटं. बाथ सोनिकेटर असेल तर दोन-तीन तास. उष्णतेमुळे बीकर तापतो म्हणून सगळे बर्फात ठेवतात आणि इथेच पहिली गफलत होते. एसडीएस सुमारे १५ अंशांखाली स्फटिक होऊन बाहेर पडतं, पांढऱ्या चकत्या दिसतात आणि नळ्या उघड्या पडतात. बीकर बर्फात नको, २० ते २५ अंशांच्या पाण्यात ठेवा. बाथ सोनिकेटरमधलं पाणी उन्हाळ्यात सुरुवातीलाच ३५ अंश असतं, तेव्हा दर अर्ध्या तासाने माठातल्या पाण्याने बदलत राहा.

नंतर ३,००० आरपीएमला ३० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं काळं द्रावण हळूच ओतून घ्या. थेंब काचेवर पसरवून उजेडाकडे धरा. ठिपके दिसले तर सोनिकेशन कमी पडलं.

४७ मिलिमीटरचा, ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा मिक्स्ड सेल्युलोज एस्टर पेपर फिल्ट्रेशन फनेलवर बसवा आणि व्हॅक्यूमने १० मिलि द्रावण ओढून घ्या. फनेलचं कामाचं क्षेत्र सुमारे १० चौरस सेंटिमीटर धरलं तर चौरस सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ०.२ मिलिग्रॅम नळ्या बसतात आणि फिल्म तीन-चार मायक्रॉन जाड होते. व्हॅक्यूम एकदम जोरात लावू नका, मधोमध जाड आणि कडेला पातळ फिल्म होते. मग न थांबता २०० ते ३०० मिलि कोमट डिस्टिल्ड पाणी वरून सोडत राहा. खालचं पाणी परीक्षानळीत घेऊन हलवा. फेस येतोय तोवर धुवा. एसडीएस राहिलं तर प्रत्येक सांध्यात साबणाचा थर बसतो आणि रेझिस्टन्स अनेक पटींनी जास्त येतो.

सांध्यांबद्दल जरा थांबून. सोलापुरी चादरीत ताणा आणि बाणा मोजून-मापून बसवलेला असतो. या फिल्ममध्ये तसं काही नाही, हे घोंगडीसारखं आहे: तंतू वाटेल तसे एकमेकांवर पडलेले. करंट नळीतून सहज जातो, पण एका नळीवरून दुसरीवर उडी मारताना अडतो. त्यामुळे फिल्मचा रेझिस्टन्स बराचसा सांध्यांचा असतो, आणि तापमान उतरल्यावर तो वाढतो याचं कारणही उड्या कठीण होणं हेच आहे. फिल्मवरून एकट्या नळीचे गुण काढायला जाऊ नका.

पेपरसकट फिल्म दोन काचांमध्ये ६० ते ८० अंशांना वाळवा. त्याहून जास्त तापमान नको. या पेपरमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं, ते झपाट्याने पेट घेतं.

जोडण्या

धारदार ब्लेडने २० मिलिमीटर लांब, ४ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. चार पातळ तांब्याच्या तारा, इनॅमल खरवडून, सिल्व्हर पेस्टने लावा: बाहेरच्या दोन करंटसाठी १८ मिलिमीटर अंतरावर, आतल्या दोन व्होल्टेजसाठी १० मिलिमीटर अंतरावर. पेस्ट पूर्ण रुंदीला आडवी रेघ म्हणून ओढा, टिंब म्हणून नाही. पेस्ट घट्ट झाली तरी ॲसिटोनने पातळ करू नका, कारण खालचा पेपर ॲसिटोनमध्ये विरघळतो आणि पट्टी डोळ्यांदेखत आक्रसते. सोल्डर फिल्मला धरत नाही.

जर्मेनियमच्या प्रयोगाचा स्प्रिंगवाला फोर-प्रोब वापरला तर टोकं फिल्ममध्ये घुसतात आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. झटपट चाचणीला चालेल, चुंबकाच्या प्रयोगाला नाही. मगरीच्या तोंडाच्या क्लिपा सहसा पोलादाच्या, वर निकेल. त्या पोलपासून वीतभर तरी लांब ठेवा, नाही तर क्षेत्र लावताच तारा ओढल्या जातात आणि सांधा हलतो. पोलमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू, स्क्रूसुद्धा, आधी निओडिमियमने तपासा.

आतल्या जोडण्यांमध्ये अडीच 'चौरस' (अंतर भागिले रुंदी) बसतात. चौरसामागे १०० ओहम असेल तर २५० ओहम मिळतील. ५० ते ३०० ओहम प्रति चौरस या पल्ल्यात आकडा आला तर फिल्म ठीक आहे. काही किलोओहम आले तर धुणं अपुरं किंवा फिल्मला तडा.

मोजणी

करंट ०.५ मिलिॲम्पियर ठेवा. २५० ओहमवर १२५ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे साडेचार अंकी मीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजमध्ये नेमके बसतात. मीटरची पायरी ०.०१ मिलिव्होल्ट, तेव्हा हजारातल्या एका भागाला साधारण १२ पायऱ्या मिळतात. यापेक्षा बारीक पाहायचं तर साडेसहा अंकी मीटर लागेल. करंट १० मिलिॲम्पियर करून सिग्नल वाढवण्याचा विचार सोडा: बाहेरच्या जोडण्यांमधल्या ४५० ओहमवर ४५ मिलिवॅट उष्णता होईल आणि फिल्म स्वतःच तापेल. खात्रीसाठी ०.२५ आणि ०.५ मिलिॲम्पियरला रेझिस्टन्स सारखाच येतो का ते पाहा.

कॉन्स्टंट करंट सोर्स मेन्सवर असेल आणि प्रयोगशाळा अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या फीडरवर असेल, तर पॉवरलूमच्या मोटारी चालू-बंद होताना आकडा नाचतो. स्वस्त उपाय: ९ व्होल्टची बॅटरी आणि १८ किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर सीरिजमध्ये. करंट ०.५ मिलिॲम्पियरच्या आसपास येतो, आणि नमुन्याचा रेझिस्टन्स ओहमच्या अंशाने बदलला तरी त्याला जाणवत नाही. बॅटरी हळूहळू उतरते म्हणून सीरिजमध्येच १ किलोओहमचा चांगला रेझिस्टर ठेवून त्यावरचे ५०० मिलिव्होल्टही दर वेळी वाचा आणि भागाकार घ्या.

नमुन्याच्या दोन टोकांत अंशभर फरक असला तरी काही मायक्रोव्होल्ट थर्मो-ईएमएफ (तापमानातल्या फरकाने उपजणारं व्होल्टेज) येतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे फिल्म पी-टाइपसारखी वागते आणि अंशामागे दहा-वीस मायक्रोव्होल्टही देऊ शकते. म्हणून दर वेळी करंट उलटा करून वाचा आणि दोन्ही वाचनांच्या वजाबाकीचं निम्मं घ्या. व्होल्टेजच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. क्षेत्र बदलत असताना उघड्या वेटोळ्यात व्होल्टेज उपजतं, म्हणून करंट स्थिर झाल्यावर मिनिटभर थांबून मगच वाचन.

द्रव नायट्रोजन

जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजनचे कॅन सगळीकडे फिरतात. कॉलेजला पुरवठादार नसेल तर चौकशी त्या वाटेने करा, लेखी परवानगीने. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, तेव्हा खिडक्या उघड्या, आणि घट्ट झाकणाचा थर्मास कधीही नाही. गॉगल घाला. सुती हातमोजे नकोत, द्रव त्यात शोषला जाऊन कातडीला चिकटतो.

पट्टी नुसती द्रवात बुडवली तर बुडबुड्यांनी आकडा थरथरतो. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्यांत ती सिगारेट पेपरचं इन्सुलेशन घालून सँडविचसारखी धरा, सोबत पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर बांधा आणि सगळं थर्माकोलच्या पेल्यात उतरवा. पीटी-१०० द्रवात सुमारे २० ओहम दाखवतो, तेवढा आला की पोचलो. फिल्मचा रेझिस्टन्स इथे खोलीपेक्षा सव्वापट ते दीडपट होतो. पेला मावायला पोलमधलं अंतर २५ मिलिमीटरच्या आसपास लागतं आणि क्षेत्र कमी होतं. किती, ते गॉसमीटरने रिकाम्या फटीत आधीच मोजून कॉइल-करंटचा तक्ता करा. गॉसमीटरचा हॉल प्रोब नायट्रोजनमध्ये बुडवू नका.

वाचनाचा क्रम असा: शून्य, अधिक ०.५ टेस्ला, शून्य, उणे ०.५, शून्य. हे किमान दहा वेळा. शून्याची वाचनं हळूहळू सरकत जातील, तो तापमानाचा प्रवाह. प्रत्येक क्षेत्र-वाचनाची तुलना त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शून्याच्या सरासरीशी करा, पहिल्या शून्याशी नव्हे. कॉइल बंद केल्यावर गाभ्यात थोडं क्षेत्र उरतं, म्हणून करंट शून्यावर हळू आणा.

अधिक आणि उणे क्षेत्राला मिळालेल्या बदलांची सरासरी हा मॅग्नेटोरेझिस्टन्स. दोहोंच्या वजाबाकीत उरतो तो हॉल परिणामाचा (क्षेत्रामुळे करंटला आडवं उपजणाऱ्या व्होल्टेजचा) वाटा, जोडण्या समोरासमोर नसल्यामुळे मिसळलेला. फक्त एकाच दिशेने क्षेत्र लावणाऱ्यांना हे दोन वेगळे करताच येत नाहीत.

मग फसवणुकीची चाचणी: फिल्म काढून त्या जागी २७० ओहमचा रेझिस्टर लावा आणि तोच क्रम पुन्हा चालवा. जे दिसेल ते उपकरणाचं. रेझिस्टरच्या टोकांच्या टोप्याही कधी पोलादी असतात, तेवढं चुंबकाने पाहून घ्या. शेवटी पट्टी ९० अंशांत फिरवून क्षेत्र फिल्मला लंब आणि समांतर असं दोन्ही मोजा. नळ्या फिल्मच्या प्रतलात पसरलेल्या असल्याने दोन आकडे थोडे वेगळे येऊ शकतात, आणि तो फरक लिहिण्याजोगा आहे.

घट शून्याजवळ क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे सुरू होऊन पुढे मंदावत असेल, दोन्ही दिशांना सारखी असेल आणि खोलीच्या तापमानाला जवळजवळ नाहीशी होत असेल, तर वीक लोकलायझेशन म्हणायला हरकत नाही. रेझिस्टन्स वाढला, क्षेत्र काढल्यावर मूळ आकड्यावर आला नाही, किंवा खोलीतही तितकाच परिणाम राहिला, तर अनुक्रमे उड्यांचं वहन, लोखंड आणि हलणारी तार यांच्याकडे पाहा.

पावसाळ्यात बाहेर काढलेल्या गार पट्टीवर लगेच दव जमतं आणि फिल्म फुगते. ती सिलिका जेलच्या डब्यात टाका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुन्हा ६० अंशांना तासभर सुकवा. मूळ रेझिस्टन्स एक टक्क्याच्या आत परत आला नाही तर तो नमुना बाद.

एकट्या नळीसाठी

इलेक्ट्रॉन नळीभोवती ज्या कक्षेत फिरतो तिचं चुंबकीय मोमेंट मिनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजलं. व्यासाच्या प्रत्येक नॅनोमीटरला टेस्लामागे ते सुमारे ०.२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरतं. ७७ केल्विनची उष्मीय ऊर्जा ६.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, तेव्हा आपल्या पेल्यात हे दिसण्याचा प्रश्नच नाही. त्याला इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी, पॅलेडियमच्या जोडण्या आणि काही केल्विनची थंडी लागते. असे डिव्हाइस बनवायला आयआयटी मुंबईत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या संशोधकांना वाव मिळतो, आणि विद्यापीठातल्या लोकांना कमी तापमान व मोठं क्षेत्र हवं असेल तर इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालेला नमुना सकाळी मुंबईत पोचतो. तो पेट्री डिशमध्ये, चारही तारांची टोकं एकत्र पिळून न्या, म्हणजे वाटेत स्थिर विजेने सांधा जळत नाही. डिशवर पट्टीची रुंदी, व्होल्टेज-जोडण्यांमधलं अंतर, आम्लाच्या किती फेऱ्या झाल्या आणि २९५ व ७७ केल्विनचा रेझिस्टन्स लिहून चिकटवा.